प्रॉम्प्टरच्या खड्ड्यातून

ज्यांनी आमच्या चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीतलं नाटक पाहिलेलं नाही, त्यांना प्रॉम्प्टर म्हणजे कोण ते आधी सांगायला हवं. माझं जे काही चुकलं ते या कामाच्या सवयीतूनच चुकलं, त्यामुळे ते टाळून पुढे जाता येणार नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हा नाचगाण्याचा खेळ, जेवणं झाल्यावर नाटक. रंगमंच म्हणजे मातीचा ओटा, बांबू-बल्ल्या, वर ताडपत्री आणि मागे रंगवलेले पडदे. ओट्याच्या पुढ्यात कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात ऑर्गनवाला, तबलेवाला आणि मधोमध प्रॉम्प्टर बसतो. त्याच्या मांडीवर संहिता, म्हणजे नाटकाचं पुस्तक, आणि डोक्याशी वरून झाकलेला एक बल्ब. प्रेक्षकांना तो दिसला काय, न दिसला काय, सारखंच. नटाला मात्र त्याचे ओठ दिसले पाहिजेत आणि आवाज पोहोचला पाहिजे. नट एक वाक्य बोलत असतो तेव्हा प्रॉम्प्टर त्याला पुढचं देत असतो. वडशाहून येणाऱ्या नाटक कंपन्यांतले नट हंगामभर रोज नव्या गावात उभे राहतात, कधी नव्या नाटकात. पाठांतराला वेळ कुठला? सगळा भार खड्ड्यावर.

मी कंपनीचा माणूस नाही. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पण आमच्या गावच्या हौशी मंडळाचा प्रॉम्प्टर म्हणून लग्नाच्याही आधीपासून खड्ड्यात बसत आलो. या कामाचा एकच नियम मला कोणीतरी सुरुवातीला सांगितला होता आणि तो मी कधी मोडला नाही: नट थांबला की आपण थांबायचं नाही. स्टेजवर शांतता झाली म्हणजे कोणीतरी विसरलं. ते भोक बुजवायला माणूस बसवलेला असतो.

ही सवय खड्ड्यापुरती राहिली असती तर बरं झालं असतं. वर्गात मुलगा फळ्यापुढे अडखळला की उत्तर माझ्याच तोंडून निघतं. बायको बाजारात काही मागताना शब्द शोधायला लागली की तो मी पुरवतो. ती चिडते. "माझं वाक्य मलेच संपवू द्या ना कधी," म्हणते. मी हसत असे. आपण मदत करतो आहोत, अशीच माझी समजूत होती.

मागच्या दसऱ्यानंतर लेकीला पाहायला पाहुणे आले. ती नागपूरला नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा करून उन्हाळ्यात घरी परतली होती. मुलगा वनविभागात नोकरीला, घर मुलचेऱ्याकडे. तो, त्याची आई आणि त्याचे काका असे तिघे आले. पोहे झाले, चहा झाला. काका मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी कप खाली ठेवला आणि थेट तिलाच विचारलं, "बोल बाई, तुले पसंत हाये ना? आमच्याकडे पोरीले विचारल्याशिवाय उठत नाई आमी."

लेकीने मान वर केली. काकांकडे पाहिलं, मग मुलाकडे. बोलली काहीच नाही.

"हो, हो. पसंतच आहे तिला," मी म्हणालो.

सगळे हसले. मुलाची आई म्हणाली, "लाजली पोरगी." काका म्हणाले, मंडयांचा गलबला संपला की तारीख काढू. त्यांची जीप वळली, फाटकापर्यंत जाऊन मी हात हलवला. परत आलो तर लेक कपबश्या गोळा करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भांडलीही नाही. बायकोने मात्र स्वयंपाकघरात मला गाठलं.

"तुमाले कोणी सांगितलं तिले पसंत हाये म्हणून?"

"नसतं तर बोलली नसती का?"

"बोलू दिलं कुठी तुमी?"

तेव्हापासून मला घरात एका जागी बसवेना. आमच्याकडे संध्याकाळी नाल्याकडे फिरायला जायची सोय राहिलेली नाही, वाघाची वार्ता रोजच असते. मी अंगणातच तुळशीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून तुळशीपर्यंत फिरायचो. लेकीला सरळ विचारावं, असं प्रत्येक फेरीला ठरवायचो. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर दिलेला शब्द मागे घ्यावा लागेल, लोकांसमोर मान खाली घालावी लागेल, हे मनात येई आणि मी पुन्हा फाटकाकडे वळे. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तिच्या आयुष्यापेक्षा मला माझा शब्द जड झाला होता.

अशातच लेकीने मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. स्वतः लिहिलेलं एक छोटं नाटक यंदाच्या मंडईत करायचं आहे, म्हणाली. अध्यक्ष आमच्या गावचे किराणावाले. दुकानात तराजू हातात धरूनच ते बोलले.

"किती वेळाचं हाये?"

"तासाभराचं."

"तासाभराचं? अवं बाई, तेवढ्यात तं लोकाईचं पान खाऊन होत नाई. नाटक म्हंजे कोंबडा आरवला पायजे, मंग पडदा."

शेवटी असं ठरलं की मोठं नाटक नेहमीसारखं कंपनीचंच होईल. दिवेलागणीला लोक जागा धरायला बोऱ्या-चटया घेऊन येतात, त्या वेळात लेकीने तिचं उरकून घ्यावं. ती एवढ्यावरही खूश झाली.

शाळा सुटल्यावर माझ्याच शाळेच्या वऱ्हांड्यात तालमी सुरू झाल्या. नाटकातल्या मुलीचं काम ती स्वतः करणार होती. बापाच्या कामासाठी तिने पोंभुर्ण्याच्या चाचांना आणलं. चाचा शिंपी. तालुक्याला त्यांचं दुकान आहे, आमच्या मंडळाचे पोशाख तेच शिवतात, आणि दरवर्षी राजा नाहीतर खलनायक ठरलेला. आवाज असा की लाउडस्पीकर लाजावा. पाठांतर मात्र शून्य. आजवर चाचांच्या तोंडून जे जे निघालं ते सगळं माझ्या तोंडून गेलेलं होतं.

पहिल्या दिवशी लेकीने फरशीवर खडूने रंगमंच आखला आणि म्हणाली, "चाचा, आधी ब्लॉकिंग करू. कोणी कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, कोणत्या वाक्यावर कुठे सरकायचं, ते सगळं पक्कं करायचं."

"त्यात काय पक्कं करायचं, बेटी? जिथी माइक टांगला, तिथी आपण. आजवर तसंच करून राह्यलो."

"म्हणून तर सगळे एका रांगेत उभे राहतात. बस थांब्यावर उभे असल्यासारखे."

चाचांना हे पटलं असावं, कारण ते मोठ्याने हसले. मग तिने चौथ्या भिंतीचं सांगितलं. खोलीला तीन बाजूंनी भिंती असतात, चौथी बाजू प्रेक्षकांची. तिथेही भिंत आहे असं नटांनी धरून चालायचं. तालीम बघायला आलेले अध्यक्ष म्हणाले, "मंग टाळ्या कुठून येतीन? खिडकी ठेवजो बाई एखादी."

स्वगत म्हणजे काय ते मात्र चाचांना कोणी सांगायची गरज नव्हती. "मनातलं मोठ्यानं बोलायचं अन् बाजूच्याले आयकू जात नाई असं समजायचं. मी तं दुकानात रोज करतो. गिऱ्हाईक पायरी उतरलं की माझं स्वगत सुरू."

मीही कोपऱ्यात बसून हसत होतो. लेकीला असं मोकळं बोलताना पाहून दसऱ्यानंतर पहिल्यांदा जरा श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "क्यू म्हणजे समोरच्याच्या वाक्याचा शेवट. तो ऐकला की आपण बोलायचं. खड्ड्यातून कोणी सांगणार नाही. या नाटकात प्रॉम्प्टर नाही. सगळ्यांनी पाठ करायचं."

वऱ्हांड्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खडूच्या रेघेकडे पाहिलं.

"बेटी," चाचा म्हणाले, "गुरुजी नसतील तं मी उभा राहीन. बोलीन असं मात्र सांगता येत नाई."

बरीच ओढाताण झाली. शेवटी तिने माझ्यापुरता एक नियम केला. मी खड्ड्यात बसायचं, संहिता उघडी ठेवायची, आणि नट स्वतः मान वळवून माझ्याकडे पाहील तेव्हाच त्याला शब्द द्यायचा. एरवी ओठ बंद. मी कबूल झालो. मग तिने संहितेची एक प्रत माझ्या हातात दिली.

घरी येऊन वाचली. मधल्या प्रवेशात मुलीला पाहायला पाहुणे आलेले आहेत. चहा झालेला आहे. बाप सगळ्यांदेखत मुलीला विचारतो, "सांग बाई, तुले पसंत हाये ना?" त्याखाली एकच शब्द लिहिलेला: पॉज. त्याखाली मुलीचं वाक्य: "नाई."

मी पुस्तक मिटून अंगणात आलो. बायको तांदूळ निवडत होती, तिने विचारलं, "काय लिवलं हाये तिनं?" मी म्हणालो, "आहे एक घरगुती." तिच्या नाटकातला बाप निदान विचारत तरी होता.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला विचारलं, पण जे विचारायचं होतं ते नाही. "या पॉजमध्ये किती थांबायचं?"

"तिचं आतलं होईपर्यंत."

"म्हणजे किती? मोजायचं कसं?"

"मोजायचं नाही, बाबा. ती जागा रिकामी नसते. तिथे ती मुलगी ठरवते आहे."

"आणि लोकांना वाटलं की नटी विसरली, तर?"

"वाटू द्या की."

मला हे पटलं नाही. ज्याला आयुष्यभर भोक म्हणत आलो त्यात कोणी काही ठेवतं, हे कसं पटावं? पुढच्या सगळ्या तालमींत ती जागा आली की माझे ओठ आपोआप हलायचे. ती फरशीवर मान खाली घालून उभी असे, डोळे जमिनीवर, आणि तशीच म्हणे, "बाबा, ओठ." सगळे हसायचे. मी हाताने तोंड दाबायचो.

मधे काकांचा फोन आला. "गुरुजी, मंडई झाली की येतोच आमी." मी म्हणालो, "या ना, या." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की लेक दारात उभी होती. मला वाटलं आता ती बोलेल. ती तशीच संहिता घेऊन तालमीला निघून गेली.

मंडईच्या दिवशी सूर्य धानाच्या बांध्यांपलीकडे टेकला होता आणि लोक बोऱ्या टाकून जागा धरत होते. भज्यांच्या गाड्यावर गर्दी, पोरांच्या पिपाण्या, कोणाचं कोणाकडे लक्ष नाही अशा गलक्यात लेकीचं नाटक सुरू झालं. चाचा पाठ करून आले होते. बायको सांगत होती की त्यांची बेगम रोज शिलाई मशीनवर बसून त्यांच्याकडून वाक्यं म्हणवून घेत होती. पहिल्या प्रवेशात त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मी शब्द दिला, ते पुढे गेले. गलका हळूहळू कमी झाला. आयाबाया पुढे सरकल्या.

मग पाहुण्यांचा प्रवेश आला. चाचांनी विचारलं, "सांग बाई, तुले पसंत हाये ना?"

लेक उभी. हातात ट्रे. माझ्या डोक्यावर माइक लोंबत होता. चाचांच्या सांगण्यावरून तो खूप खाली घेतला होता. शांतता पसरायला लागली. भज्यांचा चुर्र आवाज ऐकू येऊ लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "विसरली वाट्टे." ऑर्गनवाला माझ्याकडे बघतोय हे मला जाणवलं. तिने माझ्याकडे पाहिलेलं नव्हतं. नियम मला माहीत होता. तो मला त्या क्षणीही आठवत होता, हे मी शपथेवर सांगतो. छातीत काहीतरी वर चढत आलं, जसं खोकल्याची उबळ येते तसं, आणि मी बोललो.

"नाई."

माइकने तो शब्द उचलला आणि चारही भोंग्यांतून मैदानावर फेकला. गावातल्या दोन पिढ्यांनी ज्या आवाजात पाढे ऐकले त्या आवाजात. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग बोऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "गुरुजी, लगन तुमचं हाये का?"

हसण्याचा असा लोट आला की तबलेवाल्याने तबला पोटाशी धरला. चाचांनी सावरायचा प्रयत्न केला. वर आभाळाकडे बघत ते म्हणाले, "कोण बोललं?" आणि लोक आणखी हसले. लेक हसणं थांबायची वाट पाहत राहिली. ते थांबेना, तेव्हा तिने ट्रे खाली ठेवला आणि विंगेत, म्हणजे बाजूच्या पडद्याआड, निघून गेली. तिचं वाक्य तिने म्हटलंच नाही. पुढचे प्रवेश झाले, शेवटी टाळ्याही पडल्या. अध्यक्ष खड्ड्यापाशी वाकून म्हणाले, "ते मुद्दाम ठेवलं होतं का, गुरुजी? लय मजा आली."

मी पडद्यामागे गेलो. लेक साडीची घडी घालत होती.

"मला वाटलं, विसरलीस," मी म्हणालो.

"मी तुमच्याकडे पाहिलं होतं का?"

"नाही."

तिने घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "त्या दिवशीही पाहिलं नव्हतं, बाबा."

एवढंच. कंपनीच्या नटांना जागा हवी होती, त्यांच्या ट्रंका आत येऊ लागल्या होत्या. आम्ही बाहेर पडलो.

सकाळी उठल्या उठल्या मी फोन हातात घेतला. मनाशी ठरवलं होतं, आता काकांना सांगायचं की आमच्याकडून नाही समजा, चूक माझी आहे, मुलीची इच्छा नाही. बोटाने नंबर लावला. रिंग जाऊ लागली. बायको अंगणात सडा टाकत होती.

"कोणाले लावला?"

"मुलचेऱ्याला. नाही सांगतो."

तिने बादली खाली ठेवली. "तिनं सांगितलं तुमाले, नाई म्हणून?"

"नाटकात स्पष्टच आहे."

"नाटक तिनं लिवलं. सांगाचं का नाई सांगाचं, हे बी तिलेच ठरवू द्या. काल रातच्याले तमाशा झाला तेवढा बस नाई झाला का?"

मी फोन कापला. तोच तिकडून फोन आला. मी उचलला, आणि काकांनी मला काही बोलूच दिलं नाही. त्यांच्या गावचा एक पाहुणा आमच्या मंडईला आला होता, त्याने रात्रीच फोनवर नाटकाचं सांगितलं होतं. "आमच्या मंडईत पायजे तुमच्या पोरीचं नाटक. आमी बोलावतो तं येसान ना?"

"तिला विचारून सांगतो," मी म्हणालो. हे तीन शब्द मला त्या दिवशी सुचले असते तर!

लेक जायला तयार झाली. मी तिला म्हणालो, खड्ड्यात दुसऱ्या कोणाला बसव. ती म्हणाली, "नाही. तुम्हीच बसायचं. तुमच्याशिवाय चाचांचा धीर सुटतो." मग जरा थांबून म्हणाली, "मलाही तुम्ही तिथे हवे आहात." का, ते तिने सांगितलं नाही. माझ्या तोंडावर 'का' आलं होतं, ते मी गिळलं.

छोट्या हत्तीत, म्हणजे मालाच्या टेम्पोत, पडदे, पोशाख आणि आम्ही असे सगळे कोंबून निघालो. आष्टीचा पूल ओलांडताना वैनगंगा अर्धी वाळू, अर्धं पाणी. मी मागच्या फळीवर बसलो होतो आणि सारखा जागा बदलत होतो. चाचा म्हणाले, "गुरुजी, चिंता करू नका. सुईदोरा आणला हाये. तुमच्या ओठाईले काज-बटन करून देतो. नाटक झालं की खोला." लेकसुद्धा हसली. मला हसू आलं नाही, पण चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता तो तसाच राहू दिला.

त्या गावाच्या मंडईत आजूबाजूच्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांमधले लोकही आले होते. शाली गुंडाळून बायका पुढे बसल्या होत्या. पहिल्या रांगेत काका, त्यांच्या बाजूला मुलगा आणि त्याची आई. मी खड्ड्यात उतरलो. या वेळी माइक वर बांधायला मी स्वतःच सांगितलं होतं, तरी माझा माझ्यावर विश्वास नव्हता. खांद्यावरचा दुपट्टा काढून हाताशी ठेवला.

चाचांनी विचारलं, "सांग बाई, तुले पसंत हाये ना?"

शांतता सुरू झाली. मी दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं. काही वेळ लोक गप्प राहिले, मग चुळबुळ. मग एक आवाज आला, "अरे, प्रॉम्प्टर झोपला का गा?" दुसरा म्हणाला, "उठवा त्याले!" हशा. ऑर्गनवाल्याने मला कोपर मारलं. चाचांची नजर खाली आली, माझ्याकडे. घाबरले होते ते. पण वाक्य त्यांचं नव्हतं. मी मान हलवली, नाही. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. मला खड्ड्यातून उठून पळावंसं वाटत होतं.

काय करावं कळेना म्हणून मी संहितेवरची नजर काढून वर पाहिलं. इतकी वर्षं खड्ड्यात काढली, पण माझी नजर नेहमी पानावर. वाक्यं मी सगळी वाचली होती. ती बोलणाऱ्यांचे चेहरे पाहिले नव्हते. लेक ट्रे धरून उभी होती. तिच्या हनुवटीखालची एक शीर उडत होती. तिने बापाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, ट्रेमधल्या कपांकडे पाहिलं. एकदा ओठ उघडून मिटले. ती कुठेतरी आत खूप लांब चालत जाऊन परत येत होती, आणि तिच्यामागे मी जाऊ शकत नव्हतो. ओरडणारे लोकही कधी गप्प झाले ते मला कळलं नाही.

"नाई," ती म्हणाली. अगदी हळू. माइकलाही जेमतेम मिळालं. कोणी हसलं नाही.

नाटक संपल्यावर काका पडद्यामागे आले. मागे मुलगा. काकांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, डोळ्यात पाणी आणलं तुनं." मग माझ्याकडे वळले. त्यांचा मोकळेपणा जरा कमी झाला होता. "गुरुजी, एक विचारतो, राग नोका मानू. हे नाटक आमच्यासाठीच होतं का? तसं असंल तं आत्ताच सांगा. तारीख काढायच्या आधी."

ते माझ्याकडे बघत होते. चाचा मिशी काढायचं सोडून बघत होते. लेक केसातल्या पिना काढत होती आणि तिचा हात थांबला होता. माझ्यापाशी उत्तर तयार होतं. ते इतकं तयार होतं की जिभेच्या टोकावर त्याची चव येत होती. चुकलं आमचं, भाऊ, तिच्याकडून नाहीच समजा. मी लेकीकडे पाहिलं आणि गप्प उभा राहिलो. काकांना ते अवघड गेलं असेल, मला तर पाय कुठे ठेवावे कळेना. पडद्यापलीकडे भोंग्यावर कोणीतरी पुढच्या नाटकाची घोषणा करत होतं.

लेकीने पिना मुठीत घेतल्या.

"काका, मले अजून माहीत नाई," ती म्हणाली. "हो पण म्हणता येत नाई, नाई पण म्हणता येत नाई. यांच्याशी एकदा बोलायचं हाये. मोठे माणसं सोडून. मंग मीच सांगीन."

काका मुलाकडे वळले. आम्ही सगळेच वळलो. आमच्या घरी पाहायला आला तेव्हा तोही एक शब्द बोलला नव्हता, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं. त्याच्या वतीनेही दुसरेच बोलत होते.

"चालंल," तो म्हणाला. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "मलेबी विचारायचं होतं काही."

परतीच्या वाटेवर मी मनात हिशेब मांडत राहिलो. मी तिच्या वतीने हो म्हणालो, ते चुकलं. भर मैदानात नाही म्हणालो, तेही चुकलं. त्या सकाळी फोन लागला असता तर तेही चुकलंच असतं. जे तिच्या मनात होतं ते मला सुचणाऱ्या कुठल्याच शब्दात नव्हतं. तिलाही ते सापडायचंच होतं.

त्यानंतर ते दोघं चंद्रपूरला भेटले. पुन्हाही भेटले असं बायकोकडून कळलं. उत्तर अजून आलेलं नाही. काकांचा एकदा फोन आला होता, मी म्हणालो, "भाऊ, तिच्याशी बोला," आणि फोन तिच्या हातात दिला. ती आत जाऊन बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. अंगणातल्या फेऱ्या चालूच आहेत. बायको म्हणते, तुळशीपासून फाटकापर्यंत वाट पडली तुमची.

काल जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मी विचार करत होते की..." आणि थांबली. घास तिच्या हातात तसाच होता, नजर ताटावर. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी दोन वाक्यं आली, दोन्ही बरोबर वाटणारी. मी वरणभाताचा मोठा घास तोंडात भरला आणि चावत राहिलो.

"नाही, अजून नाही," ती म्हणाली, आणि लोणचं मागितलं.

मी बरणी पुढे सरकवली.